लाल दिवा विझेपर्यंत

मोबाइल खाली ठेवा आधी. आणि तो गच्चीवरचा दिवा घालवा रे कुणीतरी, नुसते किडे जमलेत. हं, आता बसा. मामा थापा मारतो असं तुमच्या आईचं मत आहे, ते मला ठाऊक आहे. पण ही थाप नाही. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझ्या ओळखीचा आहे, धडधाकट आहे, आणि रोज सकाळी माझ्या दुकानावरून मान खाली घालून जातो.

तो चष्मेवाला. वय एकतीस. गेल्या वर्षी ऑक्टोबरात माझ्याकडे एक जुना रोलचा कॅमेरा घेऊन आला. माळा साफ करताना सापडला म्हणाला, वडिलांचा आहे, जरा तेलपाणी करून द्या. मी घड्याळं दुरुस्त करतो, पण एके काळी कॅमेरेही करायचो हे गावात माझ्याच वयाच्या चार माणसांना माहीत असेल. मी पडदा साफ केला, स्प्रिंग बसवली, आणि त्याला रोल कसा भरायचा ते सांगायला लागलो. तर हा म्हणतो, "राहू द्या हो, भिंगांचं आम्हाला शिकवू नका." अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणारा माणूस. स्वभावानं मात्र गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

त्याचा बाप फोटोग्राफर होता. घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागे जिन्याखाली रोल धुवायची डार्करूम; तिथल्या औषधांनी बापाची नखं कायम काळी. बाप फोटो काढायचा आणि धाकटा भाऊ, म्हणजे याचा काका, हाताखाली असायचा. हा पाच वर्षांचा असताना बाप गेला. दोन वर्षांत आईही गेली. मग काकानंच वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. याच्या तापात रात्ररात्र उशाशी बसला, शाळेत पोचवलं, चष्म्यांचं शिक्षण दिलं, दुकान घालून दिलं. सख्ख्या बापानं केलं नसतं एवढं केलं, असं सगळी गल्ली म्हणायची. याचाही काकावर जीव होता. काका जेवल्याशिवाय हा जेवत नसे.

बाप कसा गेला, ते सांगतो. डार्करूमला एक शिस्त असते. आत फिल्म उघडी असली आणि दाराची फट जरी उघडली, तरी सगळं काम मातीत. म्हणून दारावर बाहेरच्या अंगाला एक लाल दिवा. त्याचं बटण आत. दिवा लागला की बाहेर बसलेल्यानं कडी घालायची, म्हणजे चुकून कुणी घुसायला नको. आणि दिवा विझेपर्यंत ती काढायची नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. बापाला दमा होता. एका रात्री आत काम करताना झटका आला. बाहेर स्टुलावर धाकटा भाऊ बसला होता. "लाल दिवा चालू होता, मला काय कल्पना," असं म्हणत तो ऊर बडवून रडला. लोकांनी त्यालाच धीर दिला. त्या दिवसापासून डार्करूमला कुलूप. सव्वीस वर्षं काकानं त्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही.

तर हा पठ्ठ्या कॅमेरा घेऊन घरी गेला. काका चहा पीत होते. कॅमेरा बघितला आणि कप हातातच राहिला.

"ठेव तो होता तिथं. दादाला नाही खपत कुणी हात लावलेलं."

"खपत नाही काय काका, जाऊन सव्वीस वर्षं झाली त्यांना."

काकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "बारा वर्षं होतो त्याच्याकडे. स्टँड उचल, दिवा धर, गिऱ्हाइकाची मान सरळ कर. एकदा, एकदासुद्धा बटण दाबू दिलं नाही मला."

पण याच्या अंगात आलं होतं. मागवला रोल, भरला. रोल भरताना फिल्मची जीभ चाकाच्या फटीत अडकवायची असते, आणि ती पुढे सरकतेय ना हे बघून मगच झाकण लावायचं. यानं अडकवली, ती निसटली, यानं झाकण लावलं. झालं. दोन रविवार गावभर हिंडला. पुलाचे फोटो काढले, बायकोचे काढले, मुलीचे काढले, शेजाऱ्याच्या कुत्र्याचे चार काढले. आत फिल्म जिथल्या तिथं गुंडाळलेली. छत्तिसाच्या रोलवर चव्वेचाळीस फोटो निघाले तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडावा? नाही. बायकोला म्हणतो, "बघ, माझा हातच लागतो तसा."

आणि मग सोळा नोव्हेंबर. शनिवार. बायको मुलीला घेऊन माहेरी गेलेली. घरात हा आणि काका. रोल आपणच धुवायचा असं यानं ठरवलं होतं. औषधं मागवली, डार्करूमचं कुलूप तोडलं, झाडून पुसून घेतलं. बटण दाबून बघितलं तर दारावरचा लाल दिवा लागला. याला केवढा आनंद! साडेनऊला आत शिरला. मिट्ट काळोखात फिल्म डबीतून काढून एका चक्रीवर चढवायची असते, मग ती चक्री झाकणाच्या डब्यात घालायची. नवख्याचं ते काम नव्हे. अर्धा तास झाला, याची बोटं घामानं चिकट, फिल्म चढेना. शेवटी तशीच डब्यात कोंबून, झाकण लावून बाहेर आला.

काका समोरच्या खोलीत पेपर वाचत होते. हसले. "नाचता येईना, म्हणे अंगण वाकडं."

"तुम्हाला तरी येतं का अजून? की नुसतेच स्टँड उचलायचात?"

हे वाक्य बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला. तीनदा म्हणाला.

काका उठले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. आत जाताना उंबऱ्यापाशी क्षणभर थांबले, आणि सवयीनं बोलावं तसं बोलून गेले. "कडी घाल. लाल दिवा विझेपर्यंत काढायची नाही. मी आतून बोंब मारली तरी." बोलले, आणि त्यांचा चेहरा उतरला. पण पाऊल आत पडलं होतं.

यानं कडी घातली. दिवा लागला. दहा वाजून पंचवीस मिनिटं. हा स्टुलावर बसला. आपला पहिला रोल आत आहे, याचंच मनात कौतुक चाललं होतं, म्हणाला.

पाच मिनिटं गेली.

आत काहीतरी पडलं. जड.

"काका?"

मग काकांचा आवाज. हळू. दुसऱ्या कुणाशी तरी बोलल्यासारखा.

"सरक ना... जागा कुठं आहे इथं..."

हा उठला. दाराला कान लावला. आत श्वास ऐकू येत होता. दम लागलेल्या माणसाचा. शिटी वाजते तसा. काकांना दमा नव्हता. कधीच नव्हता.

"काका, उघडू का? फिल्म गेली तरी चालेल."

"नको... थांब... दादा, ऐक ना माझं..."

शिटी जवळ आली. दारापाशी. याच्या कानापाशी. मध्ये फक्त लाकूड.

मग दारावर थाप पडली. एक. थांबून, दुसरी.

आणि काका बोलायला लागले. ते याच्याशी बोलत नव्हते.

"ऐकत होतो मी. सगळं ऐकत होतो. तू अशीच थाप मारत होतास. कडीवर हात होता माझा, दादा... वाटलं, जरा वेळ बसू दे आत. जरा वेळच. एकदा तरी माझ्या हातात राहू दे... मग थाप थांबली. मग मी दिवा विझायची वाट बघत बसलो..."

हा तिथंच उभा. सव्वीस वर्षं ज्याच्या ताटात जेवला, त्याचा आवाज ऐकत.

"मी पोराला वाढवलं ना रे... तुझ्या पोराला..."

शिटी.

"बाळा... उघड. बाळा, उघड रे..."

थाप.

"बाळा..."

थाप. हलकी.

मग...

मग काही नाही.

दहा पन्नासला लाल दिवा विझला. आपोआप. बटण आतल्या भिंतीवर, उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. कडी निघाली. काका दाराशी पडले होते, गाल लाकडाला टेकलेला. टेबलावर डबा. झाकण घट्ट लावलेलं. त्यांनी काम पुरं केलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, वय झालं होतं. गल्ली परत रडली.

पंधराव्या दिवशी हा तो डबा घेऊन माझ्याकडे आला. ओळखू येईना इतका खंगलेला. "काकांनी भरलेला आहे. तुम्ही धुवून द्या," म्हणाला, आणि आता तुम्हाला सांगितलं ते सगळं बसल्या जागी सांगितलं.

मी विचारलं, "कडी का नाही काढलीस?"

"काढत होतो. निघाली नाही. अडकली होती."

काकांच्या अंत्ययात्रेला गेलो होतो तेव्हा मी ते दार बघून आलो होतो. यंत्रातला माणूस मी, हात लावल्याशिवाय राहवत नाही. कडी करंगळीनं सरकते.

"अडकली होती," तो परत म्हणाला. मग डबा माझ्याकडे सरकवून उठला.

त्या रात्री मी रोल धुतला. अपेक्षा होती तेच निघालं. उजेड न लागलेली फिल्म, काचेसारखी स्वच्छ. पूल नाही, बायको नाही, मुलगी नाही, कुत्रा नाही. लागणार कुठून, ती भिंगासमोरून गेलीच नव्हती. मी ती वाळत घालायला उचलली, आणि मधोमध एक चौकट काळी दिसली. एकच.

ती मी कागदावर उतरवली. त्याला दाखवली नाही, तुम्हालाही दाखवणार नाही, मागू नका. डार्करूमचं दार आहे. बाहेरच्या बाजूनं. कॅमेरा त्या वेळी वर खोलीत कपाटात होता, आणि फिल्म दाराच्या आत, काकांच्या हातात.

कडीवर एक हात आहे. चष्मेवाल्याचा. काच लागून अर्धं गेलेलं अंगठ्याचं नख मी शंभरदा बघितलंय. हात कडी काढत नाहीये. घट्ट धरून बसलाय.

आणि त्या हातावर दुसरा एक हात आहे. औषधांनी काळी पडलेली नखं, मोठा, बाप्याचा. तो दाबत नाहीये, ओढत नाहीये. लहान पोराला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकवताना आपण त्याच्या हातावर ठेवतो ना, तसा नुसता ठेवलेला आहे.