बोराटीचा बांध

बोराटीखाली एक पोरगी पालथी पडलेली दिसली, तेव्हा बिभीषणला वाटलं, हिला विंचू तरी चावला असणार. हातातलं फावडं टाकून तो धावला.

"थांबा… सावली पडतेय," ती कुजबुजली. पानावर नखाएवढं निळं फुलपाखरू अंडी घालत होतं. ते उडाल्यावर ती उठायला गेली, तर ओढणी काट्यात अडकली.

"बोराटी अशी सोडीत न्हाई मॅडम," काटा काढत तो म्हणाला.

"बोराटी की तिचा मालक?"

झालं! मिरजगावच्या त्या बांधावर गडी पुरता गारद झाला.

सत्यशीला नगरहून यायची, फुलपाखरांवर संशोधन करायची. भादव्याची भुरभुर ओसरली, की दोघं बांधाने हिंडत. ती समजावून सांगे, "माळावर यांची थोडी वस्ती, ओढ्याकाठी थोडी. एकीकडची संपली, तर दुसरीकडून परत यायला हवीत. पण एवढ्याशा पंखांना इतकं अंतर एका दमात झेपत नाही. मधे विसावा लागतो, तो म्हणजे तुमची ही बोराटी… बिभीषणराव, ऐकताय ना?"

"व्हय की."

कसलं ऐकतोय! तो तिच्या कपाळाला चिकटलेली ओली बट बघत असायचा. तेव्हाच कान उघडे ठेवले असते तर… पण हे नंतरचं शहाणपण.

एका संध्याकाळी स्कूटी सुरू करता करता ती म्हणाली, "रविवारी आईला आणते… तुमचा बांध दाखवायला." आणि अशी काही हसली, की त्याची झोपच उडाली.

पाहुणे येणार म्हटल्यावर बांधावर रान माजलेलं कसं चालेल? लोक आळशी म्हणतात. बिभीषणने दोन गडी लावले, सगळी बोराटी तोडून पेटवून दिली आणि बांध अंगणासारखा साफ केला.

रविवारी तिची आई कौतुकाने म्हणाली, "किती स्वच्छ ठेवलंय हो शेत!"

सत्यशीला राखेपाशी उभी राहिली.

"तुमच्यासाठीच केलं," तो कसाबसा म्हणाला. "लई जीव हाय माझा तुमच्यावर…"

"माहीत आहे. माझाही जडला होता." तिचे डोळे भरून आले. "आईला तेच सांगून आणलं होतं मी… माझं ऐकणारा माणूस आहे म्हणून."

बिभीषणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने जीव तोडून सांगितलेलं सगळं त्याने वाऱ्यावर सोडलं होतं.

"बोराटी फुटंल परत," तो घाईने म्हणाला. "मुळं जित्ती हायेत. आता हात लावनार न्हाई मी… तुमी याल ना?"

तिने हळूच त्याच्या बाहीवरची राख झटकली.

"फुलपाखरं येतील," ती म्हणाली, आणि आईचा हात धरून बांध उतरली.