राहनाळचा जॉब

२००७ साली मी पूर्ण्याला एका गोदाम कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचे. कंपनीची तीन गोदामं होती: पूर्णा, वडपे आणि राहनाळ. प्रत्येक ठिकाणी एक सर्व्हर, आणि गोदामाचा सगळा कारभार त्याच्यावर. पण त्या सर्व्हरवरची रोजची कामं कुणीतरी तिथे जाऊन चालू करावी लागत, आणि तो कुणीतरी म्हणजे मीच. वडप्याच्या रस्त्यावर ट्रेलरच्या मागे धूळ खात माझे अर्धे दिवस जायचे.

शेवटी मी सोय केली. पूर्ण्याच्या मशीनवर एकदा ठरवून द्यायचं, की अमुक वेळ झाली की लांबच्या सर्व्हरने अमुक काम आपलं आपण करायचं आणि झालं की कळवायचं. अशा एकेका कामाला आम्ही जॉब म्हणायचो. माझ्या पडद्यावर प्रत्येक जॉबसमोर एकच शब्द दिसे: ‘चालू’ किंवा ‘पूर्ण’. मला ते बघत बसायला आवडायचं. मी इथे खुर्चीत, आणि काम होतंय तिकडे खाडीच्या कडेला.

राहनाळला शिफ्ट बदलताना भोंगा वाजायचा. बाजूच्या बालवाडीतली मुलं दचकून रडतात अशी तक्रार आली, तेव्हा आमचे मालक केसरीनाथ शेठ म्हणाले, “भोंगा काढून टाका. चांगल्या बाईमाणसाच्या आवाजात सांगा.”

आवाज कौसरचा घेतला. कौसर माझ्या शेजारच्या टेबलावर गाड्यांची पाठवणी बघायची. निजामपुऱ्यातली मुलगी, बोलणं स्वच्छ. तिने माझ्यासमोर बसून रेकॉर्ड केलं: “पहिली शिफ्ट संपली आहे. दुसऱ्या शिफ्टच्या लोकांनी आत यावे.” तेच पुन्हा हिंदीत. ती फाइल मी राहनाळच्या सर्व्हरवर टाकली, भोंग्याच्या जागी कर्णा बसवला आणि जॉब लावून दिला. दुपारी कर्णा बोलायचा आणि माझ्या पडद्यावर ‘पूर्ण’ उमटायचं.

पावसाळा सरला आणि एक दिवस राहनाळचा सुपरवायझर इमाद याचा फोन आला.

“मॅडम, एक पूछना था. ती शेवटी नाव घेते ना, ती चंद्रा कोण?”

“कसलं नाव?”

“अनाउन्समेंट संपली की. ‘चंद्रा, घरा ये गो.’ इथे चंद्रा नावाचं कोणी ड्युटीवर नाही. पहले लोग हँसते थे. आता हसत नाहीत.”

मी फाइल तपासली. राहनाळची आणि माझ्याकडची, दोन्ही तंतोतंत सारख्या. हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकली. हिंदी वाक्य संपल्यावर कौसर खुर्ची सरकवते तेवढा आवाज होता, बाकी काही नाही.

केसरीनाथ शेठच्या कानावर गेलंच. “मस्करी करायला पगार देतो काय मी?” ते कौसरकडे न बघता मला म्हणाले. “हिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगून टाक.” मी थोडे दिवस मागून घेतले. ते गेल्यावर कौसर म्हणाली, “तू समोर होतीस ना गं मी बोलले तेव्हा?”

“होते.”

“मग चल. मला ऐकायचंय.”

आम्ही दोघी राहनाळला गेलो. पत्र्याखाली पुठ्ठ्याचा आणि नव्या प्लास्टिकचा वास कोंडलेला. मागच्या भिंतीपलीकडे खार जमीन, खारफुटी, आणि ओहोटीला उघडा पडलेला काळा चिखल. शिफ्ट सुटायची वेळ झाली तशी माणसं कर्ण्यापासून लांब, गेटच्या बाजूला सरकली.

कर्णा खरखरला. मराठी वाक्य झालं, हिंदी झालं. मग थोडी शांतता.

“चंद्राऽऽ, घरा ये गोऽऽ.”

आवाज कौसरचाच होता. पण माइकसमोर बसलेल्या बाईचा नाही. मोकळ्या जागेत उभं राहून, तोंडाशी हात धरून लांबवर मारलेली हाक होती ती. तिच्यामागे वारा ऐकू येत होता. कौसरने माझं मनगट धरलं.

“माझाच गळा आहे,” ती हळूच म्हणाली. “पण मी आयुष्यात अशी हाक मारलेली नाही.”

मी हट्टाला पेटले. भीती वाटत नव्हती असं नाही, पण त्याहून जास्त मला जाणून घ्यायचं होतं. कौसरची फाइल पुसली. आमच्या ऑफिसातले वयस्क मोहिउद्दीनचाचा यांच्या जाड आवाजात तीच वाक्यं नव्याने घेतली आणि इमादला ऐकायला उभं केलं. दुपारी त्याचा फोन आला. चाचा बोलले, म्हणाला, आणि त्यांच्यामागून बाईने हाक मारली. तीच.

निदान कौसरवरचा आळ गेला. शेठ एवढंच म्हणाले, “बंद कर ते.”

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. फाइल मिनिटभराचीही नव्हती, तरी जॉब आता लगेच ‘पूर्ण’ होत नव्हता. कर्णा गप्प झाल्यावरही माझ्या पडद्यावर तो ‘चालू’ राहायचा. रोज आधीच्या दिवसापेक्षा जरा जास्त. मी इथून त्या सर्व्हरमध्ये शिरून बघायचे. तो काहीच करत नसायचा. काही वाजत नव्हतं, काही अडकलं नव्हतं. नुसता उघडा होता.

बंद करायचं ते तिथेच जाऊन, कर्ण्यासकट उतरवावं म्हणून मी आणि कौसर पुन्हा राहनाळला गेलो. गेटपाशी एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. इमाद म्हणाला, ही धोंडूबाई. गोदामाची जमीन हिचीच, भाड्याने दिलेली. मागच्या आळीत एकटी राहते, आणि हाक सुरू झाल्यापासून रोज इथे येऊन बसते.

“बंद कराला आलीस नं?” तिने मला विचारलं. “नको करू, पोरी.”

मी तिच्याजवळ बसले. “मावशी, चंद्रा कोण?”

“माजी धाकटी बहीन. आमी ल्हान व्हतो तवा भरतीच्या आदी हितं चिखलात चिंबोऱ्या धराला गेलेली. न्हाय आली. आई रोज बांधावर उबी ऱ्हाऊन हाक मारायची. मेली तवापासून कोनी हाक मारली न्हाय.” ती कर्ण्याकडे बघत राहिली. “ही अशीच मारतंय. हाक मारतंय, आन् मंग थांबतंय.”

“थांबते?”

“मंग? थांबाया नको? चालत येयाला येल लागतो.”

कौसरने माझ्याकडे पाहिलं. माझ्या पडद्यावरचं तिलाही मी सांगितलेलं नव्हतं.

मी जॉब बंद केला नाही. शेठना सांगितलं, सर्व्हरचं काम आहे, थोडे दिवस लागतील.

त्या आठवड्यात ‘चालू’ हा शब्द दुपार ओलांडून पुढे जाऊ लागला. मी बाकीची कामं करत करत त्याच्याकडे बघायचे. कौसरला आता सगळं सांगितलं होतं; ती खुर्ची ओढून शेजारी येऊन बसायची.

मग एका संध्याकाळी, दिवे लावायच्या सुमाराला, आमच्या डोळ्यांदेखत तो ‘पूर्ण’ झाला.

दुसऱ्या दिवशी कर्ण्यावर फक्त मोहिउद्दीनचाचा बोलले. जॉब लगेच संपला. इमादचा फोन आला तेव्हा तो हसत होता. “मॅडम, ठीक हो गया. काय केलं तुम्ही?”

मी काहीच केलं नव्हतं.

धोंडूबाई गेटवर आली नाही, असंही तो म्हणाला.

आम्ही तिच्या घरी गेलो. भरदुपारी दार ओढून घेतलेलं. ओटीवर कुणी नाही. कौसरने कडी वाजवायला हात उचलला, तेवढ्यात दार किलकिलं झालं.

धोंडूबाईने ओठांवर बोट ठेवलं आणि बाहेर येऊन दार मागे लावून घेतलं. तिची साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती. चेहरा मात्र पहिल्यांदाच निवांत होता.

“बरं झालं आलात, पोरींनो,” ती कुजबुजली. “तुमच्या त्या कर्न्याचा आवाज जरा हलू करा.”

“का, मावशी?”

“निजलीय ती. लय लांबशी आलीय.”

आतून काही ऐकू आलं नाही. ऐकू यावं की येऊ नये, हे मला ठरवता येईना.

कौसरने कसंबसं विचारलं, “केवढी आहे?”

धोंडूबाईने हात आपल्या कमरेपाशी धरून दाखवला. मग थोडा विचार केला, आणि हात जरा खाली घेतला.