गुड्डीचा रंग

वरातीच्या घोड्यांना दाखले द्यायचं काम आपल्या गळ्यात पडेल, असं सिल्वासाला बदली झाली तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर डॉ. मंजुषा परुळेकर हसली असती. पण मार्चमध्ये एका वरातीत घोडी उधळली, नवरदेव गटारात पडून हात मोडून बसला आणि तेव्हापासून मुलीकडचे लोक घोडीचा दाखला मागायला लागले. गावात गुरांची डॉक्टर म्हणून सगळे तिलाच ओळखत. दाखलाही मग तिनेच द्यायचा, हे कुणीही न ठरवता ठरून गेलं.

मंजुषा मूळची मालवणकडची, बोलायला फटकळ. 'असंच असतं मॅडम' हे वाक्य ऐकलं की तिचं डोकं फिरायचं, आणि घोडेवाल्यांचा म्होरक्या वाळू नेमकं तेच वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणायचा. तो सारंगखेड्याचा. घोड्यांच्या बाजारातच लहानाचा मोठा झालेला, आता नरोली रोडला शेड टाकून बसलेला.

"त्यात काय तपासायचं मॅडम?" तो म्हणाला. "रंग बघा, नर का मादी ते बघा, खलास. पांढरी घोडी म्हणजे गाय समजा. तांबडी घोडी म्हणजे रोजची मगजमारी. आणि काळा नर असला, तर मला बोलवूच नका."

"अरे वाळू, तुझ्या पांढऱ्या घोड्या जन्मतात तेव्हा बहुतेक काळ्याच असतात. सात-आठ वर्षांत पांढऱ्या होतात. मग दर वर्षी थोडा थोडा स्वभावही धुतला जातो का?"

"जात असेल ना. आपण कुठे बघायला जातो? असंच असतं मॅडम."

झालं. मंजुषाने हट्टाला पेटून एक तक्ता तयार केला. घोडा ओळखणाऱ्या तीन माणसांनी एकमेकांशी न बोलता तो भरायचा. वर रंग आणि लिंग, खाली स्वभाव. मग तिची स्वतःची परीक्षा. तोंडासमोर फाटकन छत्री उघडायची, कानाशी ढोल वाजवायचा आणि शेवटी दहा मिनिटं दार लावून घोड्याजवळ परक्या माणसाने उभं राहायचं. वरातीत घोडा चहूबाजूंनी माणसांत कोंडलेला असतो, तेव्हा कोंडल्यावर तो कसा वागतो तेच खरं, असं तिचं म्हणणं होतं. परकं माणूस म्हणून ती स्वतःच आत जायची. पंचवीस जनावरं झाली. तांबड्या घोड्यांची बदनामी निव्वळ अफवा निघाली, दोन काळे घोडे लोण्यासारखे मऊ होते, आणि सगळ्यात खाष्ट निघाली ती वाळूची लाडकी पांढरीशुभ्र राणी. मंजुषाला इतका आनंद झाला की तिने वाळूला चहा पाजला.

सव्विसावी घोडी राहिली होती. मंजुळाबाईंची गुड्डी.

मंजुळाबाई नंदुरबारकडच्या, विधवा. नरोलीत कारखान्यांच्या मागे भाड्याच्या खोल्यांची एक लांबलचक रांग आहे, तिच्या टोकाला त्या आपल्या मुलाबरोबर राहायच्या. मुलगा नवनाथ सुताच्या कारखान्यात मशिनवर होता. आज संध्याकाळी पाच वाजता त्याचीच वरात होती. ज्या घोडीने पोसलं तिच्यावरच पोरगा बसणार, हा मंजुळाबाईंचा हट्ट आणि दाखल्याशिवाय बसू देणार नाही, हा सासरेबुवांचा. म्हणून ऐन लग्नाच्या दिवशी दुपारी तीन वाजता मंजुषा तिथे पोचली होती. वैशाखाचं ऊन, खोल्यांवर आंब्याच्या डहाळ्या, शेजारच्या कारखान्याची एकसुरी घरघर आणि हवेत तापलेल्या प्लॅस्टिकचा वास.

गुड्डीचा तबेला म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांची खोली. वर पत्रा, पुढे पत्र्याचं दार, दाराला बाहेरून जाडजूड कडी. आत डोकावून मंजुषाने आपला तक्ता भरला. पांढरी, मादी, शांत. मग बाकीचे दोन तक्ते हातात घेतले आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

वाळूने लिहिलं होतं, तांबडी, मादी, तापट. घोडीला रोज चारा घालणाऱ्या शेजारच्या रूपालीने लिहिलं होतं, बदामी, मादी, लाडोबा.

"वाळू, तू दुसरीच घोडी बघून आलास का?"

"इथे दुसरी आहेच कुठे मॅडम?" वाळू म्हणाला. तो दारापासून जरा लांबच उभा होता. रूपाली शेजारच्या खोलीतून बाहेर आली, तिने आत नजर टाकली आणि "बदामीच आहे की," असं म्हणून हळदीचं ताट घेऊन निघून गेली.

उन्हातून एकदम अंधारात बघितलं की डोळे फसतात, हे मंजुषाला माहीत होतं. तिने तीनही तक्ते घडी करून पिशवीत टाकले.

"बाई, तुम्हीच सांगा. तुमच्या घोडीचा रंग कोणता?"

मंजुळाबाईंनी तोंडाला पदर लावला. "मी नही सांगाव. तिना रंग बोलाना नही, बाई. ज्यानात्यानी पाहाना."

मग त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात, पण अगदी व्यवहाराचं बोलावं तसं बोलल्या. "तुम्ही मधमा गयात का मी कडी लावसू. दहा मिनिटं झायात का इचारसू, रंग कोनता शे? तुम्ही खरं सांगानं. मंग कडी काढसू."

"आणि मी काळा म्हटलं तर?"

"तं नही काढाव."

"किती वेळ?"

"तो निवस तवलोंग."

मंजुषाला हसू आलं. "आणि कुणी आतून खोटंच सांगितलं तर?"

"खोटं बोलनारा बाहेर येस, बाई," मंजुळाबाई म्हणाल्या. "पन मंग तोबी येस." त्या दाराकडे बघत होत्या. "मन्हा मालक खरं बोलनात."

त्यांचे मालक कशाने गेले, हे विचारायचं मंजुषाच्या ओठांवर आलं होतं. पण नवनाथ फेट्याचं कापड हातात घेऊन समोर आला. बावीस-तेवीसचा, हळदीने पिवळा झालेला, सारखा हसणारा. "मॅडम, लवकर पास करा आमच्या गुड्डीला. नाहीतर मला रिक्षातून जावं लागेल," तो म्हणाला, आणि मंजुषाही हसली. वेळ लावायला तिने आपला फोन वाळूच्या हातात दिला आणि आत शिरली. मागे कडी सरकली.

आत पत्र्याची धग होती. ओलं गवत, लीद आणि घोड्याच्या अंगाचा उबदार वास. दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत येत होती आणि तिच्यात घोडीचा पांढरा खांदा दिसत होता. मंजुषाने तिच्या मानेवर तळवा ठेवला. घोडीने सुस्कारा सोडला. छत्री झाली, घोडी ढिम्म. बाहेरून वाळूने ढोल बडवला, घोडीने नुसता एक कान फिरवला. शंभर टक्के पास, मंजुषाने मनात म्हटलं.

मग शेजारच्या कारखान्याची घरघर थांबली.

वीज गेली असेल. पण तो आवाज इतका सतत होता की तो थांबल्यावर कानात काहीतरी रिकामं झालं. मंजुषा दचकली. अगदी थोडी. तिच्या हाताखाली घोडीची कातडी थरथरली आणि उन्हाच्या पट्टीत तो खांदा तिला पिवळसर वाटला.

धूळ असेल, तिने स्वतःला सांगितलं. तळव्याने खांदा पुसला. पुसला तिथे तो तांबूस झाला.

ती मागे सरकली. पाठीला भिंत लागली. ठोकळे गरम होते. आता तिचं काळीज धडधडायला लागलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत, प्रत्येक ठोक्याबरोबर, खांद्यावरचा तांबूसपणा खाली पोटाकडे उतरत गेला. ही वाळूची घोडी, तिला वाटलं. वाळू भित्रा आहे. हे त्याला दिसलेलं जनावर आहे.

ती डॉक्टर होती. तिने डोळे मिटले आणि श्वास मोजला. चार आत, चार बाहेर. डोळे उघडले तेव्हा रंग थोडा उतरला होता. म्हणजे बघणाऱ्याच्या भीतीबरोबर रंग चढतो, हे तिला कळलं ते बरोबर होतं. आणि ते बरोबर आहे हे कळल्यावर जी भीती वाटली, ती तिला आवरता आली नाही.

मान जाड झाली. नर घोड्याची असते तशी वरून कमानदार, भरलेली. पट्टीतलं ऊन त्या कातडीवर पडत होतं आणि उजळत नव्हतं.

काळा.

कान सपाट मागे गेले. त्याने डोकं फिरवून तिच्याकडे पाहिलं. मारायला आला नाही. नुसता दार आणि ती यांच्यामध्ये येऊन उभा राहिला.

"मंजुळाबाई," तिने हाक मारली. पुन्हा मारली.

"दहा झाले," बाहेरून वाळूचा आवाज आला.

मग दाराच्या फटीशी पदराची सळसळ.

"बाई, रंग कोनता शे?"

मंजुषाला सगळं स्पष्ट दिसत होतं. खरं सांगितलं, तर कडी निघणार नाही. हे जनावर निवेपर्यंत नाही, आणि ते निवणार होतं ती स्वतः निवल्यावर, आणि ती इथे कधीच निवणार नव्हती. खोटं सांगितलं, तर दार उघडेल. दाराबाहेर चार पावलांवर नवनाथ उभा होता. त्याचं हसणं ऐकू येत होतं. कुणीतरी त्याचा फेटा बांधत होतं आणि तो 'जरा सैल, जरा सैल' म्हणत होता.

घोड्याचा श्वास तिच्या गळ्यावर येत होता.

"बाई? कोनता रंग?"

"पांढरी," मंजुषा म्हणाली. "पांढरी आहे. शांत आहे."

कडी निघाली.

ऊन आत आलं. मंजुळाबाईंनी आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे, आणि त्यांच्या तोंडावर असं काही समाधान पसरलं की मंजुषाला ते बघवेना. वाळू पुढे आला. "अरे, खरंच पांढरी की," तो म्हणाला, खजील होऊन हसला, आणि इतका वेळ लांब उभा राहणारा तो माणूस सरळ आत जाऊन लगाम धरून जनावराला बाहेर घेऊन आला.

मंजुषाला ते अजून काळंच दिसत होतं. भर उन्हात.

ती सांगू शकत होती. तिने तोंड उघडलंही. पण इतक्यात मंजुळाबाई वाकून गुड्डीच्या खुरांना कुंकू लावत होत्या, त्यांचं डोकं त्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये होतं, आणि मंजुषाच्या मनात आलं, मी आत्ता 'काळा' म्हटलं, तर हे सगळे त्याला तसा बघतील. एकाच वेळी. दाखल्यावर तिने सही केली ती स्वतःच्या हाताकडे न बघता. आपण भेकड आहोत, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, आणि त्याची लाज इतकी वाटली की डोळे भरून आले. मंजुळाबाईंना वाटलं, बाईंना आपल्या पोराचं कौतुक आहे. त्यांनी तिला आग्रहाने वरातीला थांबवून घेतलं.

ती तशीही थांबलीच असती. दुसरं काही तिला सुचत नव्हतं. पाच वाजता नवनाथला वर बसवलं. डोक्याला फेटा, कपाळाला बाशिंग, हातात तलवार. बँडने सुरुवात केली. मंजुषा घोड्याच्या डाव्या अंगाला, लगामाच्या अगदी जवळून चालायला लागली. चार आत, चार बाहेर. पांढरी, पांढरी, पांढरी. खोल्यांची रांग संपली, कारखान्याचं फाटक आलं. पाळी सुटलेले कामगार बाजूला होऊन फोनवर फोटो काढत होते. काय गोड घोडी आहे, एक बाई म्हणाली. जनावर एका लयीत चाललं होतं, एकदाही बिचकलं नाही. मांडव अजून दीड किलोमीटर लांब होता.

गल्ली अरुंद झाली तशी माणसं दोन्ही बाजूंनी दाटली. आता मागे फिरायला जागा नव्हती. मंजुषाने पहिल्यांदा मान वर करून नवनाथकडे पाहिलं.

तो हसत होता. मघापासून, सारखा, गाल दुखतील इतका. बाशिंगाच्या लडींमागे त्याच्या चेहऱ्यावरून घाम ओघळत होता, हळद धुऊन त्याच्या पांढऱ्या शेरवानीवर उतरत होती, आणि तलवारीची मूठ धरलेली बोटं रक्त उतरून पांढरी पडली होती.

तो तिच्याकडे वाकला. लोकांना वाटलं, नवरदेव आशीर्वाद घेतोय. कुणीतरी शिट्टी मारली.

"मॅडम," तो तिच्या कानाशी म्हणाला, "आईला सांगू नका. आणि तुम्ही पण हसत राहा. त्याला समजतं."