पाठमोरी

जामनेरहून जळगावला जाताना रूपालीची ओढणी मोटारसायकलच्या चाकात अडकली. मानेला जोराचा हिसका बसला. मी गाडी थांबवेपर्यंत ती रस्त्यावर पडली होती. गळ्यावर लाल वळ उठला, बाकी कुठे खरचटलंही नाही. थोडक्यात निभावलं म्हणून आम्ही दोघं हसलोसुद्धा.

आठवडाभरात तिची डावी पापणी खाली उतरली. सावद्याहून तिची आई, माझ्या सासूबाई भेटायला आल्या, त्यांच्याच ते आधी लक्षात आलं.

"डोया असा बारीक काहून दिसतो वं?" त्यांनी विचारलं.

मग त्या डोळ्यापुढे अंधारी येऊ लागली. पडदा पडल्यासारखी यायची आणि थोड्या वेळात ओसरायची.

जळगावच्या डॉक्टरांनी मानेचं स्कॅन करायला लावलं. मेंदूला आणि डोळ्याला रक्त नेणारी रोहिणी हिसक्याने आतून फाटली होती. तिथे धरलेली रक्ताची गुठळी वर सरकली तर डोळा जाईल, अर्धांगही होईल, असं म्हणून त्यांनी तिला लगेच दाखल करून घेतलं. मी आयटीआयला इलेक्ट्रिकल शिकवतो. जोड ढिला झाला की दिवा लुकलुकतो. मला ते पटलं.

पण रूपाली म्हणाली, "पडदा पडला की अंधार नसतो. मी दिसते. पाठमोरी."

पहिल्यांदा ती स्वतःलाच लांबून, रस्त्यापलीकडून दिसली होती. नंतर अंगणातून. मग स्वयंपाकघराच्या दारातून. रक्त कमी पडलं की मेंदू असे भास घडवतो, असं डॉक्टरांनी समजावलं. मी मान डोलावली.

दुपारी वॉर्डात ती कॉटच्या कडेला बसली होती. एकदम तिने माझा हात घट्ट धरला.

"खूप जवळून दिसतंय," ती पुटपुटली. "ड्रेसची शिवण उसवलीय. डाव्या खांद्याखाली."

मी वाकून तिच्या पाठीकडे पाहिलं.

उसवली होती.

तिच्यामागे हातभर जागा, आणि मग नुसती भिंत.

त्यानंतर अंधारी आली नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी गुण आला, पापणीही वर आली. डॉक्टर खूश होते. अजून ते दिसतं का, असं मी विचारलं, तर आता सगळं नीट दिसतं, एवढंच म्हणाली.

घरी आलो. मी पिशव्या आत ठेवत होतो. ती सरळ आरशापुढे जाऊन उभी राहिली. गालावरून सावकाश बोटं फिरवली, हनुवटी उचलून पाहिली.

"पुढून अशी दिसते होय," ती म्हणाली.