थांबून वाचायचा तास

एक गंमत करू या. डोळे मिट... नको, डोळे मिटले तर वाचणार कसं? उघडेच राहू देत. पण मनात एक शाळा उभी कर. लांब व्हरांडा, खुंटीवर कुणीतरी विसरलेली छत्री, आणि छत्रीखाली साचलेलं पाण्याचं एवढंसं तळं. शाळा सुटली आहे. व्हरांड्यातून एक बाई एकट्याच येताहेत. हातात डस्टर, नाकाच्या शेंड्यावर खडूची पूड. आणि ती पूड तिथे आहे हे त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नाही.

दिसल्या? मग चल त्यांच्या मागोमाग.

बाई वर्गाच्या दाराशी आल्या आणि थबकल्या. आतून बातम्या ऐकू येत होत्या. भरदार, ऊबदार आवाज... सकाळी चहा उकळताना घरोघरी ऐकू येतो ना, अगदी तोच. ‘शिपाईमामा रेडिओ चालू ठेवून गेले वाटतं,’ असं पुटपुटत बाई आत शिरल्या.

रेडिओ नव्हता. पहिल्या बाकात गुडघे कसेबसे कोंबून एक उंच तरुण बसला होता आणि भिंतीवरचा वर्गाच्या नियमांचा तक्ता मोठ्यानं वाचत होता. शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी पाय हलवत बसली होती.

“मी... रेडिओ बंद करायला आले होते,” बाई म्हणाल्या.

“करा की,” तो म्हणाला. “उजवा कान पिरगळा. बटण तिथंच आहे.”

मुलगी हसली. बाईंना हसायचं नव्हतं, पण ओठांनी ऐकलं नाही. आणि त्याची नजर गेली ती थेट बाईंच्या नाकाच्या शेंड्याकडे. त्यानं आपल्या नाकाला बोट लावून खूण केली. बाईंनी डस्टरनंच नाक पुसलं, आणि मग काय झालं असेल ते तूच ओळख.

तर तो होता रेडिओवरचा बातम्यांचा निवेदक. मुलगी त्याची पुतणी. तिचे आईबाबा समुद्रापलीकडे कामाला गेले होते. ‘घर मिळालं की नेतो’ म्हणत म्हणत अजून तिथेच होते. तोवर ती काकाकडे. आता या शाळेत नाव घातलं होतं, बाईंच्याच वर्गात. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. का, ते लगेच कळलं.

“वाचून दाखव गं बाईंना,” काका म्हणाला.

भिंगरीनं पुस्तक उघडलं आणि सुरू केलं. पान संपलं तेव्हा बाईंनाच श्वास घ्यावासा वाटला. एक अक्षर चुकलं नाही, एका जोडाक्षरावर अडखळली नाही. काकाची छाती चांगली चार बोटं फुगली.

“छान,” बाई म्हणाल्या. “कुणाची गोष्ट होती गं?”

भिंगरीनं त्यांच्याकडे पाहिलं. “धड्यातली.”

“हो, पण काय झालं त्या धड्यात?”

“संपला.”

काका मोठ्यानं हसला. मग बाई हसत नाहीत हे पाहून थांबला. “लाजतेय ती.”

“लाजत नाहीये,” बाई हळूच म्हणाल्या. “तिला खरंच माहीत नाही.”

“अहो, मी स्वतः शिकवलंय तिला. माझं वाचन अख्खं गाव ऐकतं.”

“मीही ऐकते. रोज.” हे म्हणताना बाईंचे कान जरा गरम झाले. “पण आज सकाळच्या बातम्यांत काय होतं... सांगाल?”

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. सकाळी सगळ्या गावाला त्यानं जगाच्या बातम्या सांगितल्या होत्या, आणि त्यातली एकही त्याच्यापाशी उरली नव्हती.

“मागच्या शाळेत हिला एकदा खालच्या वर्गात बसवलं होतं,” शेवटी तो म्हणाला. आवाज आता रेडिओवरचा नव्हता. “तोंडी परीक्षेत एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही म्हणून. तेव्हापासून वर्गात कुणाशी बोलत नाही ती. बाई, यंदाही तसंच झालं तर...”

त्यानं वाक्य अर्धं सोडलं. निवेदकांना असं करायची सवय नसते.

“वर्षअखेरीला मोठ्या बाई स्वतः परीक्षा घेतात,” बाई म्हणाल्या. “तोवर वेळ आहे. आणि तुम्हाला सवड असली तर तुम्हीही येत जा तासाला. तिनं घरी कुणाचं वाचन ऐकायचं, तुमचंच ना?”

“म्हणजे मला पुन्हा शाळेत घालताय.”

“पुढच्या बाकावर. खोड्या केल्यात तर मागच्या.”

*

बाईंच्या वर्गात एक तास निराळा असायचा. त्याला नाव होतं ‘थांबून वाचायचा तास’. नियम साधा. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि ऐकता ऐकता मनात काही हललं — हसू आलं, शंका आली, वाईट वाटलं — की बोट वर करायचं. वाचणाऱ्यानं तिथंच थांबायचं. मग सगळ्यांनी मिळून शोधायचं, काय हललं आणि का. एक पान कधी कधी आठवडाभर पुरायचं. “असं केलं तर पुस्तक कधी संपणार?” असं कुणी विचारलं की बाई म्हणायच्या, “पुस्तक संपवायची घाई उंदरांना असते.”

निवेदक दुपारची पाळी असली की सकाळी यायचा. बाकात बसताना दर वेळी गुडघा आपटायचा, आणि पोरं दर वेळी खूश व्हायची.

“भिंगरीचे काका, जरा सरकून बसा,” बाई म्हणायच्या.

एकदा मधल्या सुट्टीत तो म्हणाला, “मला काका नका म्हणू. केस अजून काळे आहेत.”

“मग काय म्हणू?”

“काहीच नको. नुसतं ‘अहो’ म्हटलं तरी चालेल.”

बाई खडू गोळा करत होत्या. सगळे गोळा झाले तरी त्या खालीच पाहत राहिल्या. “तेवढा अभ्यास झाला नाही अजून तुमचा,” त्या म्हणाल्या.

बाहेर पागोळ्या गळत होत्या. त्यानं खिडकी लावून घेतली, कारण पाणी बाईंच्या वह्यांवर उडत होतं. इतकंच. पण बाईंना ते घरी जाईपर्यंत आठवत राहिलं.

पण भिंगरी? भिंगरीचं बोट कधीच वर जात नव्हतं. गोष्टीत कुणी पडो, हरवो, भेटो... ती समोर बघत बसायची. आणि तिची वाचायची पाळी आली की सुटायची वाऱ्यासारखी.

“चूक माझी आहे,” एका संध्याकाळी निवेदक म्हणाला. भिंगरी पटांगणात एकटीच बुटाच्या टोकानं ओल्या मातीवर रेघा ओढत होती. “एकदा पुराची बातमी वाचताना मला रडू आलं. आवाजच फुटेना. साहेब म्हणाले, शब्द तोंडातून जाऊ द्यायचे, आत घ्यायचे नाहीत. नजर एक ओळ पुढे, तोंड चालू, मन बाजूला. मी शिकलो. आणि हिला वाचायला बसवलं तेव्हा हेच शिकवलं. मला दुसरं येतच नव्हतं.”

“आणि तिला ते लगेच जमलं,” बाई म्हणाल्या. “मोठ्यांना जमत नाही ते तिला लगेच का जमलं असेल?”

“का?”

“ते तुम्ही सांगायचं. उत्तर पुस्तकात नाही.”

तो पटांगणाकडे पाहत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, “दादा-वहिनी परदेशी गेले त्याच महिन्यात मी शिकवायला घेतलं होतं.”

बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, हे मात्र खरं.

*

त्यानंतर काही दिवसांनी बाईंचा घसा बसला. ओरडून नव्हे हं, खडूनं. म्हणून तासाला वाचायला निवेदक उभा राहिला. गोष्ट एका शिंगराची होती. शिंगरू म्हणजे घोडीचं पिल्लू. घोडी गाडीला जुंपून कुठे दूर नेलेली, आणि शिंगरू तबेल्यात एकटं.

त्यानं सुरुवात केली ती नेहमीसारखीच, भरदार आवाजात, घरंगळत. “...संध्याकाळ झाली. बाहेर चाकांचा आवाज आला. शिंगरू दाराकडे पाठ करून उभं राहिलं.”

आणि तो थांबला.

वर्गात एकही बोट वर नव्हतं. त्यानं स्वतःचंच बोट वर केलं.

“रेडिओ बंद पडला,” मागून कुणीतरी कुजबुजलं. पोरं खिदळली.

“बंद नाही पडला. थांबलाय,” बाई बसक्या आवाजात म्हणाल्या. “का थांबलात?”

“त्याला आई हवी आहे ना?” तो पुस्तकाकडे पाहतच म्हणाला. “चाकांचा आवाज आला. मग त्यानं दाराकडे पळायला हवं. पाठ का केली?”

“रुसलंय ते,” एकजण म्हणाला.

“दारातून ऊन येत असेल.”

“संध्याकाळी कुठलं ऊन, बावळट?”

“झोप आली असेल.”

मग वर्गात एक बारीक आवाज आला. इतका बारीक, की आधी कुणाला कळलंच नाही कुणाचा ते.

“दाराकडे बघितलं आणि दारात दुसरंच कुणी असलं तर...” भिंगरी म्हणाली. ती बाकावरच्या एका चऱ्याकडे पाहत होती. “पाठ केली की थोडा वेळ वाटतं, तीच असेल.”

बाईंनी ‘शाब्बास’ म्हटलं नाही. काही उत्तरांना शाब्बास म्हणायचं नसतं. त्या नुसत्या जाऊन तिच्या बाकावर बसल्या, अगदी तिला लागून. निवेदक पुस्तक हातात धरून उभाच होता. पुढची ओळ वाचायला त्याला बराच वेळ लागला, आणि त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात वाईट वाचन होतं. अडखळत, नाक ओढत. पोरांनी श्वास रोखून ऐकलं.

*

त्या दिवसापासून भिंगरीचं वाचन बिघडलं. होय, बिघडलंच. ती थांबायला लागली. मागे जायला लागली. ‘हा असा का म्हणाला?’ म्हणून काकाच्या मागे लागायची. त्याचं जेवण गार व्हायचं. परीक्षा जवळ आली तेव्हा ती वर्गातल्या हळू वाचणाऱ्या मुलांत होती. मोठ्या बाईंना वाचन कसं आवडायचं, खणखणीत की थांबत थांबत, कोण जाणे.

परीक्षेच्या दिवशी दोघं बाहेर व्हरांड्यात थांबली. बाई बाकड्यावर, शेजारी त्यांची वह्यांनी फुगलेली पिशवी. निवेदक खांबाला टेकून उभा. दार अर्धवट उघडं होतं.

आत भिंगरी एका कुंभाराचा उतारा वाचत होती. एकटा राहणारा म्हातारा कुंभार, तरी स्वतःसाठी पेले करताना नेहमी दोन करायचा. ती दोनदा अडली. मोठ्या बाईंची पेन्सिल कागदावर टक टक वाजली.

“दुसरा पेला कशाला केला त्यानं?” मोठ्या बाईंनी विचारलं.

निवेदकानं खांबावरचा रंग नखानं खरवडायला सुरुवात केली.

“हे यात लिहिलेलं नाही,” भिंगरी म्हणाली. “मी माझं सांगू?”

“सांग.”

“कुणी येईल म्हणून. आणि नाही आलं तर त्याला एक पेला बघून एकटं वाटू नये म्हणून.”

पेन्सिल थांबली. “लिहून दे मला हे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुझ्याच शब्दांत.”

भिंगरीनं लिहिलं. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. पण मोठ्या बाईंनी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, आणि दारातून डोकं बाहेर काढून म्हणाल्या, “वरच्या वर्गात. आणि हो, ही पोर पुढच्या वर्षी मला ग्रंथालयाच्या कामाला हवी.”

बाईंनी इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला. निवेदक हसला. मग त्याचं हसू हळूहळू ओसरलं.

“म्हणजे आता... मला इथे यायचं काही कारण उरलं नाही,” तो म्हणाला.

“नाही खरं.”

पटांगणात कुणीतरी घंटेची दोरी नुसतीच हलवून गेलं. दोघांनीही तिकडे पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

“बाई, मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं बोललो. स्वतःचं असं एक वाक्य...”

“करून बघा की. चुकलं तर लाल शाई नाही वापरणार.”

“मला तुम्ही — म्हणजे तुम्हाला मी — असं बघा, गेले काही महिने —”

“ठळक बातमी आधी सांगा. तपशील मागून.”

“मलातुम्हीआवडता,” तो एका दमात म्हणाला. मग मान हलवली. “नाही. घाई झाली. परत.” त्यानं बाईंकडे पाहिलं, आणि एकेका शब्दावर थांबत म्हटलं, “मला... तुम्ही... आवडता.”

ज्या बाई पोरांना ‘पूर्ण वाक्यात उत्तर द्या’ म्हणून रोज बजावत, त्यांना एक शब्द सुचेना. त्यांनी शेजारची जड पिशवी उचलली, मांडीवर घेतली, आणि बाकड्यावर मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत राहिल्या.

तो येऊन बसला.

भिंगरी दारात उभी होती. केव्हापासून, देव जाणे. तिनं काकाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. मग पुढे येऊन हात पसरला.

“काका, फोन दे. आईला लावून दे.”

त्यानं लावून दिला. पलीकडे समुद्रापारचा आवाज खरखरला. “काय गं, झाली का परीक्षा?”

“झाली. पास. ते असू दे, तू ऐक. काकाला बाई आवडतात. हे त्यानं सांगितलं. आणि बाईंना काका आवडतो.”

“त्या म्हणाल्या तसं?”

“नाही म्हणाल्या. मला समजलं.”

“कशावरून गं?”

“पिशवी उचलली त्यांनी.”

बाईंनी पिशवीतच तोंड लपवलं. फोनमधून हसणं ऐकू आलं. मग ते हसणं थांबलं आणि आवाज मऊ झाला. “आणि तू? तू कशी आहेस, बाळा?”

दर रविवारी हा प्रश्न यायचा, आणि दर रविवारी भिंगरी ‘बरी’ म्हणून फोन काकाच्या हातात कोंबायची. काकानं सवयीनं हात पुढे केलाच.

भिंगरीनं फोन दिला नाही. ती व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसली, फ्रॉक गुडघ्यांवर नीट ओढला, दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला, आणि म्हणाली, “थांब आई. सावकाश सांगते.”