वीज गेली तेव्हाची ऊब

इटलीच्या उत्तरेला, कार्नियाच्या डोंगरातल्या आमच्या गावात पुरुषाची पारख त्याच्या भिंतीशी रचलेल्या लाकडांवरून होते. माझी रास दर हिवाळ्यात ढासळायची. चाळीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकं लावलेले हात ते. म्हणून सत्तरीत मी जुनी चूल काढून पेलेटची शेगडी बसवली. भुसा दाबून केलेल्या कांड्या पिशवीतून टाकीत ओतायच्या आणि बटण दाबायचं. आतला स्क्रू त्या थोड्या थोड्या आगीत ढकलतो, पंखा ऊब खोलीभर सोडतो.

"याला वीज लागते, तुल्लिओ," थोरली बहीण ओनोरीना म्हणाली. "बर्फानं तारा तुटल्या की काय करशील? पुस्तकं जाळशील?"

"जमेल मला."

"तुला? एकदा जरी घर गार सापडलं ना, तर सरळ उचलून खाली शहरात, उदिनेला माझ्या फ्लॅटवर नेईन. मग हे घर कायमचं बंद."

जानेवारीत एका दुपारी तारा तुटल्या. स्क्रू थांबला, पंखा थांबला, काचेमागची ज्योत बसत बसत विझली. मी दोन स्वेटर चढवून बसलो. भिंतीवरचा तापमापक एकवीस दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर उणे अकरा होतं. आत एकवीस.

शेगडीला हात लावला. पत्रा गार होता. टाकीतल्या कांड्या होत्या तेवढ्याच. तापमापक बिघडला असेल म्हणून बशीत लोणी काढून ठेवलं, तर ते मऊ पडलं. काहीतरी साधं कारण असणार आणि ते मलाच कळत नसणार. माझं नेहमी तसंच होतं. स्वेटर मात्र काढावेसे वाटले नाहीत.

तिसऱ्या दिवशी शेजारचा बेप्पीनो आला. गावातली सगळ्यांत सरळ रास त्याची. आल्या आल्या त्यानं कोट काढला.

"काय जाळतोस रे, लेका?"

"काही नाही."

"नको सांगूस! माझी बायको तिकडे हातमोजे घालून मक्याचा पोलेंटा ढवळतेय." मग खाली बघत तो म्हणाला, "एवढी ऊब माझ्या लाकडांनाही नाही."

त्या एका वाक्यानं माझी मान ताठ झाली. आजही तो दिवस आठवला की होते.

चौथ्या दिवशी बर्फ हटवणाऱ्या गाडीमागून ओनोरीना पोचली. तिनं मफलर सोडला, कोट सोडला, कपाळ पुसलं. शेगडीवर तळवा ठेवला. झाकण उघडून आत पाहिलं.

"हरले मी," ती म्हणाली. "राहा इथेच."

"म्हटलं होतं ना, जमेल मला."

ती हसली आणि लहानपणीसारखी माझ्यावर वाकली. तिच्या हनुवटीवरून घामाचा एक थेंब माझ्या हातावर पडला.

तो पसरला नाही; माझ्या कातडीला लागताच गोठला.

मण्यासारखा घरंगळत टेबलावर गेला. टक् असा आवाज झाला.