आडवं वल्हं

आयलीने छोट्या कयाक होडीचं बूच घट्ट पिळलं, गळाच्या काठ्या आडव्या करून बांधल्या आणि बर्फाची पिशवी पायांच्या मधे, अगदी बुडाशी सरकवली. वजन खाली हवं आणि मधोमध हवं. फुटत्या लाटांतून बाहेर पडताना मोकळी राहिलेली वस्तू एक तर समुद्रात जाते, नाही तर तोंडावर येते.

"चाकू बांधलास?" बाबांबरोबर मासे धरायला जाणाऱ्या ड्वाइटने विचारलं.

"चाकू, पक्कड, सगळं. तुमचा थर्मास कुठंय, ड्वाइटकाका?"

"तो गाडीतच असतो."

"माहितीय," आयली म्हणाली. ड्वाइट नजर चुकवून लाटा मोजायला लागला.

ओरेगॉनच्या त्या किनाऱ्यावर कयाकमधून मासे धरणाऱ्यांचा एक रिवाज आहे. जो पहिला काठाला लागतो त्याने वल्हं खाली ठेवायचं नाही. पाण्याच्या रेषेवर उभं राहायचं आणि मागच्यांना खुणा करायच्या. वल्हं आडवं म्हणजे थांब, उभं म्हणजे ये. बाहेर होडीत बसलेल्याला लाटांच्या फक्त पाठी दिसतात, तोंडं दिसतात ती काठावरून. शेवटचा माणूस वाळूवर येईपर्यंत ती जागा सोडायची नसते.

गेल्या सप्टेंबरात, स्टॅव्हर कोव्ह नावाच्या याच खाडीत, आयलीचे बाबा तावी शेवटी येत होते. होडी लाटेला आडवी झाली, त्यांच्यावर उलटली आणि ते गेले. पोलिसांच्या कागदावर लिहिलं गेलं, वय झालं होतं, तोल गेला. तीस वर्षं ज्या माणसाचा तोल गेला नाही, त्याचा. आधीच काठाला लागलेल्या ड्वाइटने सगळ्यांना सांगितलं, की मी वल्हं आडवंच धरलं होतं, तरी तो आला. मग दुकानादुकानात कुजबुज सुरू झाली, की तिथे दुसरंच कुणीतरी बोलावतं. लोक ही जागा टाळून बंदरातून होड्या सोडायला लागले.

आयलीला या कुजबुजीचा संताप यायचा. माणसाने कामात कुचराई करायची आणि नाव भुताचं घ्यायचं. म्हणून आज तिने ड्वाइटला हट्टाने इथे आणलं होतं. तीच जागा, तोच क्रम. तो पहिला येणार, ती शेवटची.

दुपारपर्यंत दोघांनी पाच रॉकफिश धरले. मग धुकं आलं. आधी क्षितिज गेलं, मग किनाऱ्यावरचे कडे, मग कुजक्या शेवाळाचा वास तेवढा उरला. ड्वाइट आत, काठाकडे गेला. आयली फुटत्या लाटांच्या बाहेर थांबली.

थोड्या वेळाने काठ अंधुक दिसला. पाण्याच्या रेषेवर पिवळं जाकीट, हातात वल्हं. उभं.

तिने तीन वल्ही मारली. आणि थांबली.

काठावरच, त्याच्या उजवीकडे चाळीसेक पावलांवर, आणखी एक पिवळं जाकीट होतं. त्याचं वल्हं आडवं होतं.

"काका...?"

लाटांच्या आवाजात हाक कुठच्या कुठे गेली. डावीकडच्याने उभं वल्हं दोनदा हलवलं. लवकर ये. होडीखालचं पाणी मागे ओढलं जात होतं.

"नाही," आयली म्हणाली. "कुणाच्या सांगण्यावरून येणार नाही."

तिने होडीचं नाक समुद्राकडे वळवलं. पहिली लाट आली तशी ती पुढे वाकली, गुडघे फाकवून कडांना टेकवले, कंबर सैल सोडली. होडी चढली, पडली. तिसरी लाट मांडीवरच फुटली. पाचवी गेल्यावर तिने मागे पाहिलं. काठावरच्या ओंडक्यांपर्यंत फेस चढला होता.

मग तिने स्वतः लाटा मोजल्या. समुद्र शांत पडताच ती आत शिरली, कमरेएवढ्या पाण्यात समुद्राच्या बाजूने उतरली आणि मागची मूठ धरून होडी पुढे जाऊ दिली. होडी आणि काठ यांच्या मधे माणसाने कधी असायचं नाही.

डावीकडे आता कुणी नव्हतं. उजवीकडे ड्वाइट गुडघ्यांवर बसला होता. वल्हं आडवंच होतं.

"तू तिकडे कुणाकडे बघत होतीस, पोरी?"

"वल्हं उभं धरलेल्या माणसाकडे."

ड्वाइटचा चेहरा उतरला. "त्या दिवशी... मी इथे नव्हतो. गाडीत कॉफी पीत होतो. गारठलो होतो गं. पाच मिनिटं, फक्त पाच..."

"आणि जागा रिकामी होती."

"हो."

"आज सगळ्यांना सांगायचं. माझ्यासमोर. बाबांचा तोल गेला नव्हता."

"सांगतो. आता चल इथून."

आयलीने स्वतःचं वल्हं उचललं आणि ती डावीकडे चालत गेली, उभं वल्हं धरणारा जिथे होता तिथे. समुद्राकडे तोंड करून तिने वल्हं छातीसमोर आडवं धरलं.

"काय करतेस? आपण दोघंच होतो. बाहेर कुणी नाहीये."

तेवढ्यात लाटांच्या पलीकडून, धुक्यातून, शिट्टी वाजली. एकदाच, शांतपणे, बाबा वाजवायचे तशी. येऊ का, असं विचारणारी.

ड्वाइट जागचा हलला नाही. त्यालाही ऐकू आली होती.

वल्ह्याचं उजवं टोक किंचित वर गेलं. वारा असेल, असं तिला वाटलं. वारा नव्हता. टोक पुन्हा वर सरकलं, सावकाश, चुकलेला हात कुणी समजूतदारपणे सरळ करावा तसं. दांड्यावरून गार पाणी ओघळत तिच्या बोटांपर्यंत आलं.

तिने दात आवळले आणि सगळा भार टाकून टोक खाली दाबलं.

"ही जागा आता रिकामी नाही," ती म्हणाली.

टोक खाली आलं. तिने ते तसंच धरून ठेवलं.

बाहेर शिट्टी पुन्हा वाजली. या वेळी थोडी जवळून.